मूळ पुरुषाची मिळकत

आमच्या भाऊजींइतका निराश माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याचं वकीलपत्र भाऊजींकडेच असणार. निराशा माणसाला परिस्थितीमुळे येते असा आपला समज असतो; भाऊजींना ती अभ्यासाने आली. कोर्टात उभं आयुष्य काढलेली माणसं एक तर निगरगट्ट होतात, नाही तर देवभोळी होतात. भाऊजी दोन्ही झाले नाहीत. ते विश्वाच्या आरंभाबद्दल बोलायला लागले. बरं, ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे त्यांचं बोलणं अर्ध्यावर टाकून उठायची मला सोय नाही. त्यातून माझं औषधांचं दुकान नेमकं त्यांच्या कोर्टाच्या वाटेवर. सकाळी जाताना ते आशा सोडायला माझ्या दुकानात थांबतात आणि संध्याकाळी येताना ती खरोखर सुटली आहे ना, ते पाहायला.

भाऊजी दिवाणी वकील, आणि दिवाणीतही फक्त वाटणीचे दावे. कोकणात जमीन थोडी आणि हिस्सेदार फार, त्यामुळे कामाला तोटा कधीच नव्हता. आणि महामार्गाला जमिनी गेल्यापासून तर ज्यांना आपण भाऊ आहोत हेही आठवत नव्हतं ते भाऊ म्हणून त्यांच्याकडे रांग लावू लागले. देवरूखकडच्या एका फणसाचा दावा त्यांनी चालवला. आजोबांनी मरताना झाडाची वाटणी करून ठेवली होती, उत्तरेकडच्या फांद्या थोरल्याच्या, दक्षिणेकडच्या धाकट्याच्या; आणि फणस लागला तो नेमका बुंध्याला. एका विहिरीचं सकाळचं पाणी एका भावाचं आणि दुपारचं दुसऱ्याचं होतं, तर दुपारच्या भावाचं म्हणणं असं की सकाळचा भाऊ बारा वाजले तरी घागर सोडत नाही. असल्या प्रत्येक दाव्याच्या सुरुवातीला वंशावळ मांडावी लागते. सगळ्यांत वर एकच नाव, मूळ पुरुष. त्याची सगळी मिळकत एकत्र, एका हाताखाली. त्याच्या खाली मुलगे, त्यांच्या खाली नातू, आणि खाली खाली जावं तसा कागद रुंद होत जातो, शेवटी एकेका नारळाच्या झाडाला बोरिवली, सुरत आणि कुवेतमधले मिळून मालक निघतात. भाऊजींनी उभ्या आयुष्यात ही रेघ वरून खालीच जाताना पाहिली. खालून वर गेलेली एकही वंशावळ त्यांच्या हाताखालून गेली नाही.

धंद्याची सवय घरी येते. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, दोन कुटुंबं एकत्र येणं म्हणजे पुढच्या दाव्याचे पक्षकार तयार होणं, तेव्हा आहे तोवर आनंद मान. माझ्या मुलीच्या बारशाला सगळ्या बायका पाळण्यावर वाकून नाक कुणासारखं आणि डोळे कुणासारखे हे ठरवत होत्या, भाऊजी वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "नवीन सहहिस्सेदार." बहिणीने, म्हणजे आमच्या ताईने, त्यांना हाताला धरून बाहेर पडवीत नेऊन बसवलं. राजापूरच्या बाजूचे एक चाचा त्यांचे जुने पक्षकार होते. जन्मभर आखातात राबून परत आलेले, समुद्राकाठी बांधलेल्या घरापायी चुलतभावांशी भांडत बसलेले. भाऊजी त्यांना कौतुकाने सांगत, की तुमच्यात माणूस मेला की हिस्से ठरतात, आमच्यात जन्मला की ठरतात, तेवढं तुमचं बरं आहे, मधे काही वर्षं शांततेची मिळतात. ते चाचा माझ्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आले तेव्हा मला म्हणाले होते, "वकीलसाहेबांकडे गेलो का दावा जिंकीन असा वाटतो, पण जगावासा वाटत नाय."

तरी ही सगळी जुनी, घरगुती निराशा होती. तिला शास्त्राचा आधार नव्हता. तो मिळाला एका मे महिन्यातल्या दुपारी. न्यायाधीशसाहेब रजेवर गेले म्हणून भाऊजींच्या दाव्याला पुढची तारीख पडली. उन्हात घरी जाण्यापेक्षा कुठे तरी पंख्याखाली बसावं म्हणून ते एका कॉलेजच्या सभागृहात शिरले. तिथे पुण्याहून आलेल्या कुणी तरुण बाई मुलांना विश्वाच्या सुरुवातीबद्दल सांगत होत्या. भाऊजी मागच्या बाकावर टेकले, काळा कोट मांडीवर घेतला आणि डोळे मिटणार तेवढ्यात बाई म्हणाल्या की, विश्व सुरुवातीला विलक्षण सुव्यवस्थित होतं आणि तेव्हापासून त्याची अव्यवस्था वाढतेच आहे, ती एकूणात कधी कमी होत नाही. या अव्यवस्थेच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. भाऊजी ताठ बसले. आपण जन्मभर जे पाहिलं ते सबंध विश्वाला लागू आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि एखाद्याला दूरचा श्रीमंत नातेवाईक सापडावा तसा त्यांना आनंद झाला. निराशेतला त्यांचा तो बहुधा एकमेव आनंद.

व्याख्यान संपल्यावर मुलांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मग मागून भाऊजी उभे राहिले. त्यांनी विचारलं, "मूळ पुरुषाकडे ही मिळकत आली कुठून? वडिलोपार्जित, की स्वकष्टार्जित?" सभागृह हसलं, पण त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी प्रश्न पुन्हा समजावून घेतला आणि म्हणाल्या की, खरं सांगायचं तर नेमका हाच प्रश्न आम्हालाही सुटलेला नाही. सुरुवात इतकी व्यवस्थित का होती ते माहीत नाही, सध्या आम्ही ती तशी होती असं धरून चालतो. भाऊजींनी विचारलं, "धरून चालल्यावर दावा टिकतो?" बाई म्हणाल्या, "अजून तरी टिकलाय." साक्षीदाराच्या पिंजऱ्यात इतका सरळ माणूस आपण कधी पाहिला नाही, असं भाऊजी नंतर कितीतरी दिवस सांगत होते.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि सापडलो. ताईने बांगडे तळायला घेतले होते, वास घरभर पसरला होता, आणि भाऊजी मला सांगत होते की हा वास आता पुन्हा त्या तव्यात जाणार नाही. मी म्हटलं, हे मला विज्ञान न शिकताही माहीत होतं. तेव्हा ते खऱ्या मुद्द्यावर आले. ते म्हणाले की, सुरुवातीला सगळा माल सगळीकडे सारखा पसरलेला होता. कुठे गोळा नाही, कुठे खड्डा नाही. आपल्याला वाटतं पसरलेलं म्हणजे विस्कटलेलं. तिथेच आपण फसतो. जिथे प्रत्येक कण दुसऱ्या कणाला आपल्याकडे ओढतो आहे, तिथे सगळं सारखं पसरून राहणं हीच अशक्यातली गोष्ट. गोळे व्हायचे प्रकार अगणित, सारखं राहायचा जवळजवळ एकच. "एकत्र कुटुंब बघ," ते म्हणाले. "त्यात अमुक खोली माझी, तमुक कलम तुझं असं नसतं. प्रत्येकाचा हक्क कणाकणात. कुठे रेघच नाही. मग एकाने ओढायला सुरुवात केली, की झाले गोळे. त्यांनाच आपण तारे म्हणतो आणि वर बघून कविता करतो." मग आवाज उतरवून म्हणाले, तेव्हापासून आपण सगळे त्या मूळ पुरुषाच्या मिळकतीवर बसून खातो आहोत, सूर्य पेटतो तो त्यावर, आंबा पिकतो तो त्यावर, हा भात शिजला तोही त्यावर. खर्च सगळे करतात, नवं कमावतं कुणीच नाही. ताईने त्यांच्या पानात बांगडा वाढला आणि म्हणाली की निदान हा तरी गरम आहे तोवर खा.

त्यानंतर त्यांना धरबंद राहिला नाही. एका मनाई अर्जाच्या सुनावणीत साहेबांनी 'जैसे थे' ठेवायचा हुकूम दिला. पक्षकार खूश. भाऊजी मात्र उभेच राहिले आणि नम्रपणे म्हणाले की, हुकूम शिरसावंद्य, पण 'जैसे थे' हा हुकूम विश्वात आजवर कुणी पाळलेला नाही हे रेकॉर्डवर यावं. साहेब चांगले होते, त्यांनी पुढची तारीख दिली. माझ्या दुकानात येऊन ते गोळ्यांच्या पाकिटांवरची मुदत वाचत बसायचे आणि म्हणायचे, "सगळ्या सृष्टीत ही एकच प्रामाणिक जात. स्वतःची अखेर अंगावर छापून घेऊन येतात." गिऱ्हाईकं पाकीट उघडायच्या आधी माझ्याकडे बघायला लागली. आणि गंमत अशी, की इतकं सगळं विस्कटणार आहे असं मानणारा हा माणूस घरात काडी इकडची तिकडे सहन करत नसे. सकाळी उठून पायरीवरच्या चपला जोडीने लावायच्या, ताईने वाळत घातलेल्या टॉवेलाचे काठ जुळवायचे, वर्तमानपत्राची घडी इस्त्री केल्यासारखी करायची, आणि हे सगळं करताना तोंडाने म्हणत राहायचं, की याचा काही उपयोग नाही.

ही सगळी थट्टा मी चवीने सांगतो, पण तिच्या मुळाशी काय होतं ते मला ठाऊक होतं. भाऊजींनी आयुष्यात पहिली वाटणी केली ती स्वतःच्या घराची. नवीन नवीन सनद मिळाली होती, वडील नुकतेच गेले होते, आणि गावी राहून आंब्याची कलमं सांभाळणारा एकुलता एक धाकटा भाऊ होता. भांडण काहीच नव्हतं. तेच तर भाऊजींचं म्हणणं होतं, की प्रेम आहे तोवर वाटून घ्यावं, मग वाटणी गोड होते. त्यांनी स्वतः कागद केला. तो इतका चोख होता की जिल्ह्यातले नवे वकील अजून नमुना म्हणून तो मागून नेतात. घर मधोमध, कलमं मोजून, आणि पुढचं खळं, म्हणजे अंगण, तेसुद्धा निम्मं निम्मं. हद्द डोळ्यांना दिसली पाहिजे म्हणून खळ्याच्या मधून त्यांनी गुडघाभर उंचीचा चिऱ्यांचा गडगा घालून घेतला. एक ओळ यांच्या बाजूने, एक त्यांच्या बाजूने, मधे बारीक दगडांची भरती, सगळं सुकं, चुना-सिमेंट नाही. धाकटे तेव्हा एवढंच म्हणाले होते की, दादा, याची काय गरज होती.

आमच्याकडे पावसाळा संपला की खळं करावं लागतं. पावसाने अंगण धुपून, दगडगोटे वर येऊन पार वाट लागलेली असते. ते उकरायचं, तांबडी माती टाकायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने घरातल्या सगळ्यांनी ओळीने बसून चोपायचं आणि मग शेणाने सारवायचं. पूर्वी दोघे भाऊ समोरासमोर बसून ते करत. गडगा पडल्यावर ज्याने त्याने आपापलं करायला घेतलं. आणि वेगवेगळ्या हातांनी केलेली जमीन कधी एका पातळीत येत नाही. धाकट्यांचं खळं बोटभर उंच राहिलं, पहिल्या पावसात त्यांचं पाणी गडग्यातून भाऊजींच्या पायरीशी आलं. भाऊजींनी आपलं उंच केलं, पाणी तिकडे गेलं. त्यावर बोलणं झालं, मग बोलणं झालं नाही, मग गणपतीपुरतं येणं-जाणं राहिलं. जगाच्या वाटण्या लावणारा माणूस स्वतःच्या दारातल्या बोटभर मातीवर हरला. वाईट याचं वाटतं की दोघांपैकी एकही वाईट नव्हता.

धाकट्यांची औषधं माझ्याच दुकानातून जायची, म्हणून मूत्रपिंडाचं दुखणं किती पुढे गेलंय ते भाऊजींच्या आधी मला कळलं. आठवड्यातून ठरल्या दिवशी रक्त शुद्ध करून घ्यायचं, गावाहून दर वेळी कोण नेणार, तेव्हा डोंबिवलीच्या मुलाकडे जाऊन राहायचं ठरलं. मी ते भाऊजींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात न जाता ते माझ्या दुकानाच्या आतल्या बाजूला स्टुलावर येऊन बसले आणि म्हणाले की, कायद्यात एक तरतूद आहे. वाटणी झालेले भाऊ पुन्हा एकत्र होऊ शकतात. पण जे वेगळे झाले तेच. त्यांची मुलं मागाहून ते करू शकत नाहीत. दोघांतला एक गेला की दार बंद. असा दस्त त्यांनी आयुष्यात एकदाही केला नव्हता, कुणी केलेला पाहिलाही नव्हता. "सगळं जग एका दिशेला चाललंय," ते म्हणाले, "मला एकदा, निदान दोन माणसांपुरतं, उलट जाऊन बघायचंय." त्यांना इतक्या आशेने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि मला भीती वाटली.

भाऊजींनी दस्त लिहिला. त्यात त्यांनी जीव ओतला, आणि तिथेच घोटाळा झाला. धाकटे डोंबिवलीला जायच्या आधीच्या रविवारी आम्ही गावी गेलो, मी साक्षीदार म्हणून, ताई घावणे घेऊन. धाकटे फार उतरले होते, पण दादा येणार म्हणून त्यांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. दोघे ओटीवर शेजारी बसले. इतक्या जवळ बसलेले मी त्यांना पाहिलंच नव्हतं. भाऊजींनी वाचायला सुरुवात केली. कोण कुठली मिळकत घेऊन एकत्र येतोय, ते कलम झालं. येथून पुढे आपलं-परकं राहणार नाही, चूल एक, खळं एक, ते कलम झालं. तिथे धाकट्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. ताईने तर पदरच तोंडाला लावला. आणि मग भाऊजींनी त्याच आवाजात पुढचं कलम वाचलं, की भविष्यात उभयतांमध्ये पुन्हा वाटप करण्याची वेळ आल्यास ते खालील रीतीने करावे.

मग धाकटे हळू आवाजात म्हणाले, "दादा, एकत्र यायच्या आदीच येगळा कसा व्हायचा ता लिवलास?"

भाऊजी म्हणाले, "अरे, ते लिहावंच लागतं."

"कशाला?"

"ती वेळ येते म्हणून."

मी भाऊजींचा हात धरला आणि म्हटलं, खोडा ते कलम, आत्ता खोडा. त्यांनी पेन उघडलं. त्या ओळीवर धरलं. पण हात पुढे जाईना. ज्या दस्तात शेवटाची सोय नाही तो दस्त कच्चा, हे त्यांनी जन्मभर सगळ्यांना सांगितलेलं; खोटं लिहून आपल्या भावाला फसवायचं कसं, असं त्यांना वाटत होतं. धाकट्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. रागावले नाहीत. दस्ताचे कागद गोळा करून दादाच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "ऱ्हवदे. तुझा खोटा नाय. पण माजा जीव नाय होत." मग ताईला म्हणाले, वहिनी, च्या टाक. आम्ही चहा घेतला, घावणे खाल्ले, औषधांच्या वेळा बोललो, आणि निघालो. गडगा ओलांडताना भाऊजी अडखळले, त्यांना मी सावरलं.

परतीच्या वाटेत ते एकच वाक्य बोलले, की खोडायला हवं होतं. नवा दस्त त्यांनी केला. त्यात ते कलम नव्हतं. मी वाचला, वकिलाने लिहिलाय असं वाटू नये इतका साधा होता. गणपतीला धाकटे येणार होते, तेव्हा सह्या करायच्या. फोनवर तसं बोलणंही झालं. धाकटे म्हणाले होते की येतो, आलो की करू. गणपतीच्या आधी, ऐन पावसात, ते डोंबिवलीच्या हॉस्पिटलात वारले. भाऊजी पुतण्याला फोनवर काय करायचं, कुणाला कळवायचं ते सगळं नीट सांगत होते, आणि फोन ठेवल्यावर आमच्या ताईकडे बघून म्हणाले, "दार बंद झालं." मग ते रडले. मोठ्याने रडले. मी औषधवाला माणूस, लोकांची दुखणी रोज ऐकतो, पण ते रडणं मला ऐकवेना, मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

पुढे खळं करायची वेळ आली तेव्हा भाऊजी एकटेच गावी गेले. पुतण्याने फोनवर सांगितलं होतं, काका, तो गडगा काढून टाका, आम्हाला काय करायचाय. पण पुतण्या म्हणजे एक वारस. धाकट्यांच्या पत्नी होत्या, वापीला दिलेली पुतणी होती, सगळ्यांची लेखी संमती नको? भाऊजी बेकायदा वागणारे नव्हते, दुःखातसुद्धा नव्हते. त्यांनी काय केलं, गडग्याची आपल्या बाजूची तेवढी चिऱ्यांची ओळ उतरवली. अर्धा गडगा त्यांचा होता. धाकट्यांच्या ओळीला त्यांनी बोट लावलं नाही.

सुका गडगा असा अर्धा उभा राहत नाही. पुढच्या पावसाळ्यात, एका सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा त्यांचा गावाहून फोन आला. ते म्हणाले, "पडला." मी विचारलं, कोण. तर म्हणाले, गडगा, रात्रीच्या पावसात, आपणहून. आपण हात लावलेला नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग म्हणाले की, या नियमाला कुणाची संमती लागत नाही. इतकी वर्षं ज्या नियमाची ते तक्रार करत आले, त्याच्याबद्दल त्यांच्या आवाजात मला त्या दिवशी पहिल्यांदा कृतज्ञता ऐकू आली.

दिवाळीच्या आधी मी आणि ताई गावी गेलो. भाऊजींनी चिरे एका बाजूला रचून ठेवले होते, ओळी सरळ. आणि सगळं खळं चोपून, सारवून तयार होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पातळी, कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही. मी म्हटलं, भाऊजी, निम्मं तुमचं नव्हतं ना. ते म्हणाले, "मधे हद्द दिसत नव्हती. कुठे थांबायचं ते कळलं नाही."

आम्ही तिघे पायरीवर उभे होतो. सारवण अजून ओलं होतं, त्यामुळे पाय टाकता येत नव्हता. पलीकडे धाकट्यांच्या दाराला कुलूप होतं. मला वाटलं भाऊजी आता काही तरी शास्त्रातलं बोलणार, नेहमीसारखं, आणि खरं सांगतो, त्यांनी बोलावं असंच मला वाटत होतं. ते खळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "सुरुवातीला असंच असणार. सगळं सारखं, एका पातळीत. आणि बघायला कुणी नाही."

ताई म्हणाली, आपण आहोत ना. त्यावर त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. सारवण वाळेपर्यंत आम्ही तिथेच पायरीवर बसून राहिलो.